डोंगरात बादली नेतो कोण?

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. येत्या जुलैत तो आणि त्याचे दोन मित्र ‘जॉन म्यूर ट्रेल’ नावाच्या डोंगरवाटेवर तीन आठवडे चालणार आहेत. वाटेत गाव नाही, गाडीरस्ता नाही, दुकानही जवळजवळ नाहीच, असे तो सांगतो. परवा व्हिडिओ कॉलवर पाहिले तर त्याच्या हॉलमध्ये रंगाच्या येतात तशा प्लास्टिकच्या बादल्या मांडलेल्या आणि तो त्यात चिवडा भरतोय! या बादल्या डोंगरात नेतो कोण? खाणे पाठीवरच का नेत नाहीत? आणि वाट संपली की घरी परत यायचे कसे? — एक मावशी, नाशिक

उत्तर : आधी पोस्ट, मग मोटार, मग बोट.

भाच्याची बादली घरून टपालाने निघेल. पत्त्यावर लेकशोअर या लहानशा वस्तीचे नाव असेल. तिथून ‘म्यूर ट्रेल रँच’ची माणसे ती उचलतील, फ्लॉरेन्स लेक या तलावापर्यंत मोटारीने आणतील, बोटीत घालून पलीकडच्या काठाला नेतील आणि तिथून कच्च्या वाटेने रँचवर पोचवतील. भाचा निम्मी वाट चालून तिथे पोचेल, आपले नाव सांगेल आणि स्वतःच भरलेली बादली स्वतःच ताब्यात घेईल. या सगळ्या प्रवासाला वेळ लागतो, म्हणून बादली किमान तीन आठवडे आधी टपालात पडली पाहिजे असा रँचचा आग्रह असतो. जुलैअखेरीस काय खावेसे वाटेल हे त्याला जूनमध्येच ठरवावे लागते ते यामुळे. बादली प्लास्टिकचीच हवी, कारण डोंगरातले उंदीर खोक्याचा पुठ्ठा सहज कुरतडतात. भरलेल्या बादलीचे वजन २५ पौंड, म्हणजे साधारण सव्वाअकरा किलोच्या वर चालत नाही. या सेवेचे शुल्क आहे आणि ते स्वस्त नाही. पण ज्या वाटेने ती बादली येते ते पाहता घासाघीस करण्यात अर्थ नाही.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे नकाशा पाहिला की कळते. ही वाट सिएरा नेवाडा पर्वतात आहे. योसेमिटी दरीतल्या हॅपी आइल्सपासून निघून दक्षिणेला माउंट व्हिटनीच्या ४,४२१ मीटर उंचीच्या माथ्यावर ती संपते. लांबी सुमारे ३४० किलोमीटर. माथ्यावर कोणी राहायला जात नसल्याने पुढे आणखी सतरा-अठरा किलोमीटर उतरून व्हिटनी पोर्टल या गाडीरस्त्याच्या टोकाशी यावे लागते. निघाल्यावर दोन-तीन दिवसांत ट्युओलमी मेडोजला टायोगा रोड नावाचा घाटरस्ता आडवा येतो. त्यानंतर दक्षिणेकडे दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरात हा पर्वत आरपार ओलांडणारा एकही रस्ता नाही. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून रस्ते वर चढतात, कुठल्या तरी तळ्याशी किंवा तंबूतळाशी येतात आणि तिथेच संपतात. नवे रस्ते व्हायचेही नाहीत, कारण १९६४ च्या ‘वाइल्डरनेस ॲक्ट’ने इथल्या बहुतेक भागात इंजिन आणि चाक दोन्हींना मज्जाव केला आहे. जीप दूरच, सायकलही नेता येत नाही. रँच मात्र या संरक्षित मुलुखाच्या मधोमध असलेली खासगी जमीन आहे, म्हणून ती तिथे टिकून आहे.

पूर्वी हा प्रश्न अगदी वेगळ्या तऱ्हेने सोडवत. ज्यांच्या नावाने ही वाट ओळखली जाते त्या जॉन म्यूर यांच्या पुढाकाराने १८९२ मध्ये स्थापन झालेला ‘सिएरा क्लब’ १९०१ पासून दर उन्हाळ्यात ‘हाय ट्रिप’ काढू लागला. विल्यम कोल्बी हे तिचे सूत्रधार. शंभर-दोनशे माणसे डोंगरात निघत आणि त्यांच्यामागून खेचरांचा तांडा निघे. त्यावर पीठ, डबे, भांडी, लोखंडी चुली लादलेल्या असत. आचारीही बरोबर असत. मुक्कामाला पोचावे तर स्वयंपाक तयार! तेव्हा स्वयंपाकघरच माणसांबरोबर चाले. ही वाट तेव्हा पुरी झालेली नव्हती. तिची कल्पना थिओडोर सॉलोमन्स यांना १८८४ मध्ये फ्रेस्नोजवळ गुरे राखताना सुचली, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. बांधकाम १९१५ मध्ये सुरू झाले आणि १९३८ मध्ये संपले. खेचरे आजही आहेत. परवाना असलेले खेचरवाले ठरल्या दिवशी ठरल्या जागी शिधा आणून देतात. एक खेचर साठ-सत्तर किलो सहज वाहते. पण त्याचे पैसे शेकडो डॉलरांत मोजावे लागतात. आठ-दहा जणांचा गट असेल तर परवडते, तिघांना नाही.

आता पाठीवरच का नेत नाहीत, ते पाहू. रोज डोंगर चढणाऱ्या माणसाला कोरडे अन्न सातशे-आठशे ग्रॅम लागते, तेही भरपूर तूप-दाणे घातलेले. २१ दिवसांचे झाले सोळा किलो. तंबू, स्लीपिंग बॅग, शेगडी, गरम कपडे आणि पाणी धरून आणखी दहा. सव्वीस किलोचे ओझे घेऊन साडेतीन हजार मीटरच्या खिंडी चढणारे लोक आहेत, नाही असे नाही. पण त्यांचे दिवस वाढतात, दिवस वाढले की अन्न वाढते आणि अन्न वाढले की पुन्हा दिवस वाढतात.

तरीही या वाटेवर खरी अडचण वजनाची नाही. ती अस्वलाची आहे.

सिएरात काळी अस्वले आहेत. (कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर जे दिसते ते ग्रिझ्ली. ते त्या राज्यातून १९२० च्या दशकातच संपले.) काळे अस्वल माणसावर क्वचितच जाते, त्याला रस असतो तो माणसाच्या खाण्यात. झाडाला टांगलेली पिशवी कशी उतरवायची हे योसेमिटीची अस्वले केव्हाच शिकली. त्यामुळे योसेमिटीत आणि या वाटेच्या इतर बऱ्याच भागांत अन्न ‘बेअर कॅनिस्टर’मध्ये ठेवणे सक्तीचे आहे. हा जाड प्लास्टिकचा पिंपासारखा डबा. याला कडी नाही, कान नाही, अस्वलाला दात रुतवायला कुठे कड नाही. झाकण असे की सकाळच्या थंडीत आपल्यालाच ते उघडताना घाम फुटावा. सर्वांत खपणाऱ्यांपैकी एक म्हणजे बेअरव्हॉल्टचा बीव्ही५००. तो रिकामाच सव्वा किलोच्या आसपास भरतो आणि त्यात साडेअकरा लिटर जागा असते. रात्री प्रत्येक खाण्याची वस्तू त्यात गेली पाहिजे, शिवाय टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, कचऱ्याची पिशवी, म्हणजे वास येणारे सगळेच. एका माणसाचे सात दिवसांचे अन्न त्यात बसते. फार कोंबले, प्रत्येक पाकिटाला टाचणीने भोक पाडून हवा काढली, तर आठ दिवसांचे. दहा दिवसांचे बसवले असे सांगणारे भेटतील. ते काय खात होते, तेही विचारून घ्यावे.

म्हणून मावशी, चिवड्याबद्दल मला थोडे कठोर बोलावे लागेल. चिवडा वजनाला हलका असतो, पण इथे त्याचा उपयोग नाही, कारण मोजायचे आहेत लिटर. अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा त्या डब्याचा चौथा हिस्सा तरी अडवून बसतो. तेवढ्याच वजनाचे डिंकाचे लाडू लिटरभर जागेत मावतात, आणि त्यात तूप, खोबरे, खारीक असल्यामुळे ताकदही जास्त. तुपाच्या एका ग्रॅममधून नऊ उष्मांक मिळतात, शेंगदाण्याच्या साडेपाचाहून अधिक, साखरेच्या चार, पोह्यांच्या साडेतीन. आपल्या आज्या बाळंतिणीला आणि थंडीत पोरांना जे देत आल्या ते सगळे या डब्यासाठी उत्तम : लाडू, गुळाची चिक्की, गूळ-दाण्यांचा लगदा, सुके खोबरे. चिवडा बादलीत जरूर घालू दे. रँचवर बादली उघडेल त्या दुपारी तिथेच बसून संपवू दे.

रात्रीच्या जेवणात उंची आड येते. साधारण ३,२०० मीटरवर पाणी ८९–९० अंशांनाच उकळते. तुरीची डाळ तिथे तासभर चुलीवर ठेवली तरी दाणा दाणाच राहतो, आणि प्रेशर कुकर पाठीवर कोणी नेत नाही. म्हणून खाणे असे हवे की वर उकळते पाणी ओतले, झाकण ठेवले, दहा मिनिटांनी जेवलो. बाजारात फ्रीझ-ड्राय केलेली पाकिटे मिळतात. ती महाग असतात आणि चौथ्या दिवशी सगळ्यांची चव सारखीच लागू लागते. घरी फोडणी घालून खमंग भाजलेला रवा, नुसते पाणी घालून फुगणारा भात आणि मेतकूट, तिखट-मीठ-जिरेपूड घालून कोरडे भाजलेले बेसन, छोट्या घट्ट बाटलीत साजूक तूप, हे त्यापेक्षा बरे लागते आणि स्वस्तात पडते. आणखी एक गोष्ट नवखे हमखास चुकतात. उंचीवर पहिले तीन-चार दिवस भूक मरते, आणि दहाव्या दिवसापासून माणूस खा-खा करतो. सगळ्या टप्प्यांना सारखे अन्न बांधले तर सुरुवातीचे उरते आणि शेवटचे पुरत नाही. पहिल्या टप्प्याला दिवसाला सहाशे ग्रॅम, रँचनंतर नऊशे, असे काहीसे बांधावे.

शिधा घ्यायच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. उत्तरेकडून निघाल्यावर पहिली ट्युओलमी मेडोज. तिथे उन्हाळ्यापुरते पोस्ट आणि दुकान चालते. त्या वर्षी दोन्ही उघडी आहेत ना, एवढे आधी पाहावे. पोस्टात ‘जनरल डिलिव्हरी’ म्हणून पार्सल ठेवून घेतात. लिफाफ्यावर आपले नाव आणि येण्याची तारीख लिहायची. आपल्याकडेही पोस्टात अशी सोय आहे, पण हल्ली ती कोणाला आठवत नाही. मग सुमारे ९५ किलोमीटरवर रेड्स मेडो. इथे दुकान आणि खाणावळ आहे आणि जवळच्या मॅमथ लेक्स गावात जायला उन्हाळ्यात बसही मिळते. तिसरी जागा व्हर्मिलियन व्हॅली रिसॉर्ट, लेक एडिसनच्या पलीकडच्या टोकाला. वाट सोडून खाली यायचे, बोटीने तळे ओलांडायचे, किंवा काठाकाठाने चालायचे. इथे जाणारे बहुतेक जण शिध्याचे निमित्त सांगतात, पण ओढ असते ती गरम अंघोळीची आणि ताटभर जेवणाची. वेळ मोजका असेल तर ही जागा गाळावी, असे माझे मत. तिथून दीड-दोन दिवसांची चाल पुढे, सुरुवातीपासून साधारण १७५ किलोमीटरवर, आपली बादलीची रँच.

रँचवर एक दृश्य पाहण्यासारखे असते. एका बाजूला उघड्या बादल्यांची रांग, प्रत्येकीवर चिठ्ठी : ओट्स, टॉर्टिया, सुकामेवा, चॉकलेट, कॉफी, औषधे. जे डब्यात मावले नाही ते लोक इथे टाकून जातात आणि ज्याला कमी पडते तो उचलून नेतो. कोणी पैसे घेत नाही, कोणी विचारत नाही. ओट्सची बादली बहुधा काठोकाठ भरलेली असते, कारण घरी प्रत्येकाला वाटते आपण रोज सकाळी ओट्स खाऊ. बाजूच्या टेबलावर तीन-चार जण आपापल्या पाकिटांचा ढीग आणि तो गोल डबा समोर मांडून घाम पुसत बसलेले असतात. कागदी वेष्टन काढ, आतले पिशवीत ओत, हवा दाब, बूड फिरवून बसव, पुन्हा काढ. तासभर हेच. भाच्याला सांगा, दाणे आणि लाडू तळाशी. उकळते पाणी ओतायची पाकिटे कडेने उभी. आणि त्या दिवशी संध्याकाळी जे खायचे ते डब्याबाहेर राहिले तरी चालेल, झोपण्याआधी पोटात गेले म्हणजे झाले.

कठीण भाग याच्या पुढे सुरू होतो. रँचपासून व्हिटनी पोर्टलपर्यंत सुमारे १८० किलोमीटर, आणि वाटेवर एकही शिध्याची जागा नाही. शिवाय म्यूर, मॅथर, पिंचो, ग्लेन या साडेतीन हजार मीटरपलीकडच्या खिंडी एकामागून एक येतात आणि त्यानंतर फॉरेस्टर पास, ४,००९ मीटर. पाठीवर ओझे सर्वांत जड तेव्हाच चढ सर्वांत खडे. दिवसाला १७–१८ किलोमीटर धरले तर दहा-अकरा दिवस होतात आणि डब्यात अन्न सात-आठ दिवसांचे. इथे दोन मार्ग. एक, चाल वाढवायची, रोज चोवीस-पंचवीस किलोमीटर, आठ दिवसांत पार. तरुणांना हे आवडते, ढोपरांना नाही. दुसरा, रँचनंतर सहा-सात दिवसांनी, ग्लेन पासच्या पुढे, पूर्वेकडे फुटून ३,५८४ मीटरची केअरसार्ज खिंड ओलांडायची आणि ऑनियन व्हॅलीला उतरायचे. तिथे गाडीरस्ता आहे. खाली वीस किलोमीटरवर इंडिपेंडन्स हे गाव, पोस्ट, मोटेल. पार्सल घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खिंड चढून वाटेला लागायचे. जाऊन-येऊन चोवीस-पंचवीस किलोमीटरची जादा चाल आणि एक-दीड दिवस खर्ची. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच मार्ग घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. एक तर व्हिटनीसारख्या शिखरावर चार दिवसांचेच ओझे घेऊन जाता येते. दुसरे, आजारपण असो, फाटलेला बूट असो, गटातली भांडणे असोत, त्यांच्यासाठी एक दार उघडे राहते. पोस्ट रविवारी बंद असते, तेवढा वार मात्र पाहून ठेवावा. पार्सल काचेपलीकडे आणि आपण अलीकडे, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

शेगडीच्या गॅसचे वेगळेच. ते डबे विमानात चालत नाहीत आणि टपालानेही हवाई मार्गे पाठवता येत नाहीत. म्हणून गॅस बादलीत घालू नये, रँचवर आणि वाटेतल्या दुकानांत तो विकत मिळतो. वाटेत आधीच कुठे खड्डा करून शिधा पुरून ठेवावा, अशी कल्पना प्रत्येकाला एकदा सुचते. राष्ट्रीय उद्यानांत ते बेकायदा आहे, आणि अस्वलाच्या नाकापुढे व्यर्थही.

आता परत येणे. सुरुवात पर्वताच्या पश्चिमेला, शेवट पूर्वेला आणि मध्ये अख्खा सिएरा. गाडी योसेमिटीत ठेवून चालायला लागले तर तीन आठवड्यांनी दमलेला माणूस गाडीपासून साडेतीन-चारशे किलोमीटरवर निघतो. म्हणून जाणकार उलटे करतात : गाडी शेवटाला, म्हणजे लोन पाइन गावाच्या बाजूला ठेवायची आणि सार्वजनिक वाहनाने सुरुवातीला जायचे. हायवे ३९५ वर ‘ईस्टर्न सिएरा ट्रान्झिट’ची बस लोन पाइनहून उत्तरेला मॅमथकडे जाते; ती रोज नसते. मॅमथहून उन्हाळ्यात ‘यार्ट्स’ची बस टायोगा रोडने योसेमिटी दरीत उतरते. म्हणजे चुकामूक व्हायची असेल तर ती पाय ताजे असताना होते आणि शेवटी कुठलीही बस गाठायची नसते. गाडीच नसेल तर सॅन होजेहून मर्सेडपर्यंत यायचे, तिथून यार्ट्सने योसेमिटी. सुरुवात सोपी आहे. खालच्या टोकाला व्हिटनी पोर्टल ते लोन पाइन हे एकवीस किलोमीटर बस जात नाही. खासगी गाडी आधी ठरवावी किंवा अंगठा दाखवून उभे राहावे. गिर्यारोहकांची वर्दळ असल्याने लिफ्ट मिळते. तीन आठवड्यांचा वास असलेल्या तिघांना एकत्र मिळायला जरा वेळ लागतो. गाडी कुठेही ठेवली तरी आत खाण्याचा कण किंवा सुगंधी क्रीम ठेवू नये. योसेमिटीत अस्वलांनी गाड्यांची दारे वाकवून काढलेली आहेत.

हे सगळे वेळापत्रक ज्या खुंटीला टांगायचे ती म्हणजे परवाना. योसेमिटीतून निघून डोनोह्यू खिंडीमार्गे दक्षिणेला जाणाऱ्यांवर रोजची मर्यादा आहे आणि सोडत साधारण चोवीस आठवडे आधी निघते. भाचा बादल्या भरतोय म्हणजे परवाना हाती असणार. तारीख आधी, बादली मागून, बस त्यानंतर; हा क्रम उलटला की पैसे बुडतात. तरी निसर्ग कधी कधी क्रम मोडतोच. २०२३ मध्ये एवढे बर्फ पडले होते की टायोगा रोड २२ जुलैला उघडला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘क्रीक फायर’ नावाचा वणवा याच भागात भडकला आणि लेक एडिसनसारख्या ठिकाणी अडकलेल्या लोकांना लष्करी हेलिकॉप्टरने काढावे लागले. तेव्हा इंडिपेंडन्सला पाठवायचे पार्सल त्याने आधी टपालात न टाकता घरीच भरून ठेवावे आणि ‘आता पाठव’ असा निरोप आला की टाकेल असे माणूस गावात ठेवावे. मित्राची बायको, शेजारी, कोणीही. सॅन होजेत मराठी घरांना तोटा नाही.

प्रश्न : अशा वाटेवर मोबाइल चालत नसेल. घरच्यांना खुशाली कळते कशी? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : मोबाइल चालतो तो खिंडीच्या माथ्यावर, क्वचित. बाकी उपग्रहावरून मजकूर पाठवणारे तळहाताएवढे यंत्र जवळ ठेवतात. त्यावर संकटाचे बटणही असते. रोज संध्याकाळी एक निरोप असा पायंडा बरा. पण निघण्याआधीच घरच्यांना सांगावे की एक निरोप चुकला म्हणजे संकट नव्हे, बॅटरी संपली असेल किंवा दरी खोल असेल. किती तास शांतता गेली की कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून फ्रीजवर लावावे. कागद लावला नाही तर पहिल्याच चुकलेल्या निरोपाला नाशकात हलकल्लोळ होतो आणि तिकडे शोधपथक उगाच बाहेर पडते.

प्रश्न : आपल्या सह्याद्रीत कोणी आठ-दहा दिवस चालले तर त्यालाही शिधा असा आधी पोचवावा लागेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. आपल्याकडे दिवसभराच्या चालीत कुठली ना कुठली वाडी लागतेच, आणि आधी सांगितले तर पिठले-भाकरी मिळते. अडचण पाण्याची असते. होळीनंतर कड्यांवरची बरीच टाकी आटतात किंवा पाणी शेवाळते, तेव्हा कुठल्या टाक्यात पिण्याजोगे पाणी आहे याची चौकशी पायथ्याच्या गावात करून मगच वर चढावे. वाहनाचा पेच मात्र सिएरासारखाच आहे. नाणेघाट मुरबाडच्या बाजूने वैशाखऱ्याहून चढलात आणि जुन्नरच्या अंगाला उतरलात तर खाली ठेवलेली गाडी तुमच्या कामाची नाही. इथे एसटीची मुक्कामी गाडी ध्यानात ठेवावी. ती रात्री गावात येऊन थांबते आणि पहाटे सुटते. ती चुकली तर पुढची गाडी कधी, हे कंडक्टरलाच विचारून ठेवावे. वेळापत्रकाच्या फळीवर भिस्त ठेवू नये.

प्रश्न : खाणे आत जाते ते कळले. बाहेर काय येते? — एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळेच. रिकामी पाकिटे, टिश्यू, चहाच्या पिशव्या, संत्र्याची सालेसुद्धा. पुरणे किंवा जाळणे चालत नाही. वाटेच्या बहुतेक भागात शौचासाठी वाटेपासून आणि पाण्यापासून दूर वीतभर खोल खड्डा करतात. माउंट व्हिटनीच्या परिसरात तीही मुभा नाही. खडकाळ जमीन, कमी माती आणि वर जाणाऱ्यांची गर्दी, त्यामुळे तिथे प्रत्येकाने स्वतःची विष्ठा खास पिशवीत बंद करून खाली व्हिटनी पोर्टलपर्यंत आणायची असते. पिशवीत ओल शोषणारी आणि वास मारणारी पूड असते. चौघे असतील तर चार पिशव्या नव्हेत, जास्त न्याव्यात. आणि हो, ती अस्वलाच्या डब्यात ठेवत नाहीत. पाठपिशवीला बाहेरून बांधतात.